चाळीस चमचे पाणी

१

दर सोमवारी चार बाटल्या यायच्या. कालव्याची, टाकीची, शाळेच्या नळाची आणि सुतबुलाकच्या झऱ्याची. कालिपा त्या याच क्रमाने खिडकीखालच्या टेबलावर मांडायची, एकेक डोळ्यांसमोर धरून बघायची, वहीत तारीख, वेळ आणि बाहेरचं तापमान लिहायची आणि मगच हात धुवायला जायची. तालुक्याच्या पाणी तपासणीच्या या दोन खोल्यांत तिला एकोणीस वर्षं झाली होती. पूर्वी इथे जनावरांचा दवाखाना होता. मेंढ्या बांधायच्या लोखंडी कड्या भिंतीत अजून तशाच होत्या. त्यातल्या एकीवर ती आपला कोट अडकवी.

पाण्यातले जंतू जेलीच्या बशीवर वाढवायचे. त्यातला एक ठिपका उचलून दुसऱ्या बशीवर सारवायचा आणि त्यावर औषधात भिजवलेल्या सहा कागदी चकत्या ठेवायच्या. बशी रात्रभर इन्क्युबेटरच्या उबेत राहिली की सकाळी प्रत्येक चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. औषधाने जंतूंना तेवढं मागे रेटलेलं असतं. वर्तुळ मोठं, तर औषध चालतं. वर्तुळच नाही, तर त्या औषधाची सुई टोचा नाहीतर पाणी टोचा, सारखंच. ही वर्तुळं कालिपा गुरुवारी पट्टीने मोजायची.

चौदा मार्चच्या गुरुवारी तिचं लक्ष तसं कामात नव्हतं. दहा दिवसांपूर्वी तिच्या मुलीला, बेगायिमला, मुलगी झाली होती. मेरिम नाव ठेवलं होतं. बेगायिमचं सासर सुतबुलाकलाच होतं आणि जावई रशियात बांधकामावर, त्यामुळे ओली बाळंतीण सासूच्या हाती होती.

झऱ्याच्या बशीवर सेफ्ट्रिअॅक्सोनच्या चकतीभोवती वर्तुळ नव्हतं. त्यात नवल काही नव्हतं, कालव्याच्या पाण्यात हे दोन वर्षांपासून दिसत होतं. कालिपाने शून्य लिहिलं आणि बशी बाजूला ठेवता ठेवता पुन्हा उचलली.

चकतीला लागून जंतूंची कड चढली होती. दाट, पिवळसर, दुधावरच्या सायीसारखी. आणि बशीच्या काठाकडे, जिथे औषध पोचतच नाही, तिथे जेली जवळजवळ रिकामी होती.

"तोइचुबाय्के, हे बघता का जरा?"

तोइचु साहेब होता, पण आधी शेजारी होता, म्हणून बाय्के, थोरला भाऊ. त्याने चष्मा कपाळावर चढवला. "चकती जुनी असेल. तुझ्यामाझ्यासारखी. आपल्याला तरी कोण घाबरतं आता?"

२

एकवीस मार्चला नोरुझची सुट्टी होती. कालिपा नात बघायला सुतबुलाकला गेली.

"या, विहीणबाई," बेगायिमची सासू शायिरगुल दारातच म्हणाली. "हात नीट धुऊन घ्या हं. तुमच्या हाताला पंचक्रोशीतले जंतू."

खोलीत सात-आठ बायका चहा घेत बसल्या होत्या. त्या हसल्या. कालिपाही हसली आणि कोपरापर्यंत हात धुतले. मेरिम गुंडाळलेली, लाल, झोपलेली होती. बेगायिमच्या उशाशी पाण्याचा जग होता. कालिपाने तो उचलून उजेडात धरला.

"झऱ्याचं आहे," शायिरगुल म्हणाली. "तीन दिवस दूध उतरत नव्हतं पोरीला. दोन जग पोटात गेले आणि आता बघा, झगा भिजतो. त्या झऱ्याला दुधाचं नाव काय उगाच दिलंय?"

"उकळून दिलंत तर बरं होईल."

"उकळलेलं पाणी मेलेलं असतं. मेलेल्या पाण्याने बाईला दूध येतं होय?"

बायका पुन्हा हसल्या. बेगायिम आईला हळूच म्हणाली, "आपा, राहू द्या ना. तुम्ही बोलून जाता, मागून ऐकावं मला लागतं."

परत निघताना कालिपा झऱ्यावरून गेली. खडकातून पाणी दगडी कुंडात पडत होतं, वर विलोच्या फांद्यांना नवसाच्या चिंध्या बांधलेल्या होत्या. कुंडाच्या तळाशी काहीतरी चमकलं. ती वाकली. औषधाच्या कुप्यांच्या तोडलेल्या माना होत्या त्या, आणि रबरी बुचं, आणि गोळ्यांची मऊ पडलेली रिकामी पाकिटं. शंभर असतील. जास्तच.

शायिरगुल तिला पोचवायला आली होती. तिनेही खाली पाहिलं. "माणूस उठला, नाहीतर उचलला, की उरलेलं औषध इथे ओततात सगळे. आमच्या दिरांचंही मीच ओतलं. आजार पाण्याबरोबर निघून जातो." मग कौतुकाने म्हणाली, "तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला."

ते खरं होतं. कालिपाचा हात हलका म्हणून आठ वर्षं सगळ्या गावांतून तिला सुया टोचायला बोलावत. एकदा एका घरात रांगतं मूल अर्धी भरलेली कुपी चोखताना सापडलं, तेव्हा ती दारोदार सांगत फिरली होती, औषध घरात उरू देऊ नका, उकिरड्यावर टाकू नका, वाहत्या पाण्यात ओतून द्या. वाहतं पाणी सगळं घेऊन जातं. आपण हे इतक्या ठामपणे का सांगितलं, हे तिला आता आठवेना. तिला तिच्या आईने सांगितलं असावं.

३

सत्तावीस मार्चला तिने चकत्यांची नवी डबी फोडली. शेजारच्या बशीवर प्रयोगशाळेतल्या माहितीतल्या जंतूंवर त्याच चकत्या ठेवून पाहिल्या. गुरुवारी सकाळी सहाही वर्तुळं स्वच्छ आली, बावीस मिलिमीटर, पंचवीस, एकोणीस. चकत्या ठणठणीत होत्या.

झऱ्याच्या बशीवर सहापैकी पाच चकत्या दिसतच नव्हत्या. त्यांच्या जागी पाच पिवळे उंचवटे होते. कालिपाने चिमट्याने एक उंचवटा बाजूला सारला. चकती आत होती. जेलीपासून केसभर वर उचललेली, चहूबाजूंनी धरलेली. बाकी सगळी बशी आरशासारखी मोकळी. जिथे खायला होतं ती जेली त्यांनी सोडली होती आणि जिथे मरायला हवं होतं तिथे सगळे गोळा झाले होते.

सहाव्या चकतीभोवती मात्र वर्तुळ होतं. मेरोपेनेम. हे औषध या तालुक्यात कुणी डोळ्यांनीही पाहिलेलं नव्हतं, ते विभागाच्या मोठ्या इस्पितळात सगळं हरल्यावर काढतात. वर्तुळ चौदा मिलिमीटरचं होतं आणि त्याच्या कडेपासून चकतीकडे एक बारीक पिवळी रेघ निघाली होती. दोन मिलिमीटर आत. कालिपाने दोनदा मोजली.

"झरा बंद करा, बाय्के," तिने सांगितलं.

तोइचुने अहवालाचा कागद ओढला. "पाण्यातल्या जंतूंचा आकडा किती?"

"आकडा कमीच आहे. मर्यादेत आहे. पण..."

"मर्यादेत आहे ना? मग 'पिण्यास योग्य' लिही. कालव्याचा आकडा याच्या दसपट आहे, तो तर आपण गेली चार वर्षं पितोय. उद्या मी झऱ्यावर कुलूप लावलं तर गावातल्या म्हाताऱ्या माझ्या दारात येऊन बसतील. काय सांगू त्यांना? पाणी स्वच्छ आहे पण कालिपाला ते आवडत नाही?"

कालिपाने 'पिण्यास योग्य' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

४

तरी तिच्या मनाला ते पटेना. पाच एप्रिलला, शुक्रवारी, तिने झऱ्याचं पाणी दोन बाटल्यांत भरलं. एकीत काहीच घातलं नाही. दुसरीत सेफ्ट्रिअॅक्सोनची एक अख्खी कुपी रिकामी केली. जेली नाही, साखर नाही, जगायला काही नाही. दोन्ही बाटल्या चार तास उबेत ठेवल्या. एवढ्या वेळात कुठलंही पाणी गढुळत नाही, हे तिला माहीत होतं.

दुपारी पहिली बाटली स्वच्छ होती, जशी भरली तशी. दुसरी ताकासारखी पांढरी झाली होती.

तिने ती टेबलावर ठेवली आणि फ्रीजमधून औषधाची दुसरी, बंद कुपी काढून बाटलीच्या उजवीकडे ठेवली. असं का केलं, ते तिला स्वतःला सांगता आलं नसतं. मग ती जेवायला बसली. पाव, त्यावर काइमाकची घट्ट साय, गार झालेला चहा. फ्रीजची घरघर थांबली तेव्हा खोलीत दुसराच आवाज ऐकू आला. काचेला आतून कुणी नख लावावं तसा. टिक. थोड्या वेळाने पुन्हा टिक. काच थंडीतून उबेत आली की असा आवाज करते, तिने स्वतःला सांगितलं, आणि तो कुठून येतो हे बघायला मान वळवली नाही.

जेवण झाल्यावर पाहिलं तर बाटलीतला पांढरेपणा उजवीकडच्या काचेला चिकटून गोळा झाला होता. डावीकडचं अर्धं पाणी नितळ होतं.

ऊन त्या बाजूने येतं. तिने खिडकीचा पडदा ओढला, कुपी उचलून डावीकडे ठेवली आणि वहीत वेळ लिहिली, एक वाजून चाळीस मिनिटं. दोन वाजून पाच मिनिटांनी पांढरेपणा डावीकडे होता. काचेवर त्याचा आकार कुपीएवढाच होता.

"अगं, अंधारात काय बसलीयस?" तोइचु आत आला. तिने बोट दाखवलं. तो वाकून बराच वेळ बघत राहिला. त्याचा चष्मा कपाळावरच राहिला होता. मग त्याने बाटली उचलली, मोरीत उपडी केली, वर क्लोरीनचं पाणी ओतलं आणि नळ पूर्ण सोडला.

"टेबल तिरकं आहे," तो म्हणाला. "गाळ उताराला जातो. यात लिहून ठेवण्यासारखं काही नाही."

टेबल तिरकं नव्हतं. तिने तो गेल्यावर पाणसळ लावून पाहिली.

५

बाळ चाळीस दिवसांचं झालं की चाळीस बायका एकेक चमचा पाणी पातेल्यात घालतात, प्रत्येक चमच्याला एक आशीर्वाद, आणि त्या पाण्याने बाळाला न्हाऊ घालतात. त्यानंतर बाळ जगाचं होतं, त्याला चारचौघांत नेता येतं. मेरिमचा चाळिसावा दिवस तेरा एप्रिलला, शनिवारी होता.

कालिपाने आदल्या दिवशीच फोन केला होता. "पाणी मी आणते. न्हाणाचं पाणी आजीने आणायचं, आमच्याकडे तसंच आहे." तसं काही नव्हतं.

तिने टाकीचं पाणी वीस मिनिटं खळखळून उकळलं आणि तीन थर्मासांत भरलं. सुतबुलाकला अकरा वाजता पोचली तेव्हा अंगणात बायकांच्या चपलांची रांग लागली होती. बोर्सोक तळल्याचा वास सुटला होता. तिने स्वतः थर्मास उघडले, स्वतः हंड्यात ओतले. पाण्यातून वाफ निघत होती.

"निवू दे जरा," ती बेगायिमला म्हणाली. "कुणाला हात लावू देऊ नकोस."

एवढ्यात शेजारची सून धावत आली. "कालिपा एझे, अहो ताई, सासऱ्यांना एक सुई टोचून जा हो. काल रात्रीपासून कण्हतायत. पाच मिनिटांचं काम."

"आज नको गं."

"आज नको?" शायिरगुल म्हणाली. "विहीणबाई आता मोठ्या प्रयोगशाळेच्या. म्हाताऱ्यांच्या ढुंगणाकडे कशाला बघतील?"

बायका खदखदल्या. कालिपा गेली. म्हातारा कुशीवर वळेना, पाचाची पंधरा मिनिटं झाली. परत आली तेव्हा चमचे सुरू झाले होते. सव्विसावा, सत्ताविसावा. खूप दूध लाभो. सात भावंडं लाभोत. पातेल्यातून वाफ येत नव्हती.

तिने हंड्यात बोट बुडवलं. कोमट. हंड्याच्या बाजूला एक बादली होती, ओली, रिकामी, आणि तिच्या कडेला विलोचं एक कोवळं पान चिकटलेलं होतं.

"हे थंड कुणी केलं?"

"मी केलं," शायिरगुल म्हणाली. "लेकराला भाजायचं होतं का? आणि झऱ्याचं पाणी नसलेलं न्हाण म्हणजे काय, बशा धुवायच्यात आपल्याला?"

कालिपाने बेगायिमकडे पाहिलं. बेगायिमने मान नुसती डावी-उजवी केली. बोलू नका, आपा.

चाळिसावा चमचा आईकडच्या आजीचा. लाकडी चमचा तिच्या हातात दिला गेला. एकोणचाळीस बायका बघत होत्या. तिने हे पाणी फेकलं असतं तर त्या दिवसापासून या घरात बेगायिमची किंमत कवडीची झाली असती, आणि कशासाठी, तर पट्टीवरच्या दोन मिलिमीटरसाठी, एका गढूळ बाटलीसाठी, जी आता मोरीत वाहून गेली होती. आकडा मर्यादेत आहे. तिने स्वतःच्या हाताने तसं लिहिलं होतं.

"दीर्घायुषी हो," कालिपा म्हणाली आणि चमचा ओतला.

मेरिमला पाण्यात बसवली तेव्हा ती रडली नाही. तिने तोंड उघडलं. कुणाच्या तरी ओंजळीतून पाणी तिच्या डोक्यावरून कपाळावर आणि तिथून ओठांत गेलं. तिने ते गिळलं आणि पुन्हा तोंड उघडलं.

६

मंगळवारी ताप चढला. गुरुवारी विभागाच्या इस्पितळात मेरिमचे ओठ निळे पडले. डॉक्टरीण तरुण होती, झोप न झालेली, पण शांत. दोन औषधं देऊन झाली होती आणि प्रत्येक औषधानंतर ताप आणखी चढला होता.

"एझे, आता एकच उरलंय," ती कालिपाला बाजूला घेऊन म्हणाली. "मेरोपेनेम. आमच्याकडचा साठा संपलाय, बाहेरून आणावं लागेल."

"ते नका देऊ."

"का?"

कालिपाने तोंड उघडलं. रेघ, दोन मिलिमीटर, काचेवरचा आकार. भिंतीवरच्या घड्याळाखाली उभं राहून यातलं एकही वाक्य शहाण्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं. "बाळाच्या रक्तात काय वाढलं?" तिने विचारलं.

"काहीच नाही. बशी स्वच्छ."

"जेलीत औषध घालून पाहिलं का? औषध घालून वाढवा."

डॉक्टरीण तिच्याकडे दयेने बघत राहिली. "तुम्ही थोडं पडून घ्या, एझे."

शेवटी कालिपानेच सोळा कुप्या आणल्या. पहिली दिली आणि दीड तासात ताप उतरला. ओठ गुलाबी झाले. बेगायिम आईच्या गळ्यात पडून रडली. "बघा. आणि तुम्ही म्हणत होतात देऊ नका."

सात दिवस औषध चाललं, आठ-आठ तासांनी. सोळा संपल्यावर आणखी आणल्या. मेरिमचं वजन सातशे ग्रॅमने वाढलं. परिचारिका कौतुकाने दुसऱ्या बायकांना बोलावून दाखवत. बेगायिमचं दूध मात्र काढून फेकावं लागत होतं. पोरगी छातीला लावली की मान फिरवायची.

आणखी एक होतं, ते कालिपाने कुणाला सांगितलं नाही. वेळ झाली की मेरिम रडायला लागे. परिचारिका दाराबाहेर, व्हरांड्याच्या टोकाला, कुपीचं टोपण काढी. ते टक् इथवर ऐकू येणं शक्य नव्हतं. त्याच क्षणी मेरिमचं रडणं थांबे आणि डोकं दाराकडे वळे.

"पोरं सवयीने शिकतात," कालिपाने आडून विचारलं तेव्हा डॉक्टरीण म्हणाली. आठव्या दिवशी तिने कागदावर 'बरी' लिहिलं आणि मेरिमला घरी पाठवलं.

७

बेगायिमने सासरी जायला नकार दिला, चार दिवस तरी आपाकडे राहते म्हणाली. कालिपाने स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत गादी घातली. तिने आठही दिवस उकळलेलं पाणी वापरलं होतं, भांडी वाफेवर धरली होती, आणि आता ती खोलीच्या उंबऱ्यात उभी राहून मोजत होती. शेवटचं औषध दिल्याला सव्वीस तास.

मेरिम सव्वीस तासांत काही प्यायली नव्हती. दूध नाही, पाणी नाही, चमच्याने दिलेलं साखरपाणी नाही. रडतही नव्हती. तिचे डोळे खोल गेले होते, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. बेगायिम तिला कडेवर घेऊन कशीही फिरली, पाठमोरी झाली, कुशी बदलली, तरी मेरिमची मान हळूहळू फिरून एकाच दिशेला थांबत होती. स्वयंपाकघराच्या कपाटाकडे. वरच्या फळीकडे. इस्पितळातून उरलेल्या दोन कुप्या कालिपाने तिथे, तांदळाच्या डब्यामागे ठेवल्या होत्या. ते बेगायिमला ठाऊक नव्हतं.

"आपा, ती तिकडे काय बघते?"

"उजेड आहे तिकडे."

"उजेड खिडकीत आहे." बेगायिमचा आवाज फुटला. "आपा, ती मरतेय. माझ्या हातात मरतेय. त्या औषधाने तिला बरं वाटत होतं ना? आहे का ते तुमच्याकडे? आहे ना? तुम्ही कधी औषध टाकता का?"

दिलं तर ते नेमकं कुणाला मिळणार, हे कालिपाला माहीत होतं. मेरिमच्या आत जे काही उबेला बसलं होतं, त्याला. ते वाढेल, आणि मग दोन कुप्या पुरणार नाहीत, दोनशे पुरणार नाहीत, आणि एक दिवस आतली सगळी जागा त्याचीच असेल. नाही दिलं तर ते उपाशी मरेल. पण ते मरेपर्यंत मेरिम टिकणार नव्हती. दोघांचं तोंड एकच होतं.

"द्या ना, आपा. तुमचा हात हलका आहे. तुम्हीच टोचा."

"बेगायिम, ऐक माझं. ती जी मागतेय ना, ती मेरिम नाही."

बेगायिमने तिच्याकडे असं पाहिलं की कालिपाला आपलं वाक्य परत घ्यावंसं वाटलं. "चाळीस दिवस माझी सासू म्हणत होती, तुझ्या आईला पोरगी आवडलेली नाही," बेगायिम म्हणाली. "मी तिच्याशी भांडले त्यावरून."

कालिपाने डबा सरकवला. एक कुपी काढली. सुई उकळत्या पाण्यातून काढली, हात कोपरापर्यंत धुतले, वेळ पाहिली. अकरा वाजून दहा मिनिटं. अंगठा टोपणाखाली घातला आणि वर उचलला.

टक्.

"आपा!" बेगायिम किंचाळली. मग ती हसत होती, रडत होती, बाळ दोन्ही हातांनी उंच धरून कालिपाकडे नेत होती. "आपा, बघा, बघा ना लवकर, ती हसली! पहिल्यांदा हसली!"

कालिपाने पाहिलं. मेरिम तिच्या हातातल्या कुपीकडे बघून हसत होती, बोळकं तोंड पूर्ण उघडून, आणि आत, टाळूपर्यंत, दाट पिवळसर साय चढली होती. ती साय काठाशी हलत होती.

"आजीला ओळखलं गं माझ्या सोनीने," बेगायिम म्हणाली आणि बाळाला आणखी पुढे केलं.